घाणीवाल्याचा म्हणतात तो कागद

काल गुरुजी घरी आले होते. मोताळ्याहून ते महिन्याचं छापील पत्र काढतात, त्यात तुझ्याबद्दल चार ओळी टाकायच्या म्हणाले. जन्म कधीचा, माहेर कुठलं, मागे कोण कोण. मी म्हटलं, जन्म कधीचा ते तिलाच माहीत नव्हतं, मला काय माहीत असणार? मागे मी आहे, आपली लेक गंगी आहे, एक म्हातारा बैल आहे. हे छापून कोणाचं काय भलं होणार? चार ओळी नको, दोन पानं द्या, मीच लिहितो. गुरुजी माझ्याकडे पाहतच राहिले. चौथीतून पळालेला माणूस दोन पानं मागतो!

तर लिहितोय. तुला वाचता येत नव्हतं, पण जन्मभर मी वाचून दाखवलं आणि तू ऐकून त्यातली चूक काढलीस. तसंच समज. मी वाचतोय, तू तांदूळ निवडत ऐकतेस. मधे बोलू नको असं म्हणणार होतो. पण बोल. बोललीस तर बरंच होईल.

एकाच गोष्टीसाठी लिहितोय. आपल्या धामणगावापासून पार मलकापुरापर्यंत सरकी-ढेपेचे बारके व्यापारी मोठ्या शेठशी सौदा करताना एका कागदावर सही घेतात. त्याला सगळे 'घाणीवाल्याचा कागद' म्हणतात. तो घाणीवाल्याचा नाही. घाणीवाल्याच्या बायकोचा आहे. मला हे आठ वर्षं माहीत होतं आणि मी आठ वर्षं तोंड शिवून बसलो.

तुला सगळं ठाऊक आहे, पण वाचणाऱ्याला नाही, म्हणून पहिल्यापासून सांगतो. महाराष्ट्र होऊन दोन वर्षं झाली होती. घाणीवर जवस-करडई गाळायची आणि पुढच्या खोलीत सरकी-ढेप विकायची, असा आपला धंदा. गावात गुरं भरपूर, हिवाळ्यात सरकी लागतेच. म्हणून श्रावणातच मी मलकापूरच्या शेठशी वायदा केला. वायदा म्हणजे भाव आज ठरवायचा, माल नंतर. दोनशे पोती सरकी, अठरा रुपये पोतं, दिवाळीनंतर तो देणार, मी घेणार. त्याची चिठ्ठी झाली. मग आश्विनात बाजारात आवई उठली की यंदा कापूस मायंदळ, सरकी मातीमोल होणार. मी घाबरलो. त्याच शेठला एकशे ऐंशी पोती एकोणीस रुपयांनी उलटी विकून टाकली. त्याची दुसरी चिठ्ठी. म्हणजे एकाच माणसाकडून मला घेणंही होतं आणि त्यालाच देणंही होतं. मी स्वतःला फार हुशार समजत होतो.

पण कागद झाला तो या दोन चिठ्ठ्यांच्या मधे, भाद्रपदात. दुकानात मी शेठच्या नावाचे दोन खिळे ठोकले होते. एकावर खरेदीच्या चिठ्ठ्या लावायच्या, दुसऱ्यावर विक्रीच्या. तू झाडायला आलीस आणि झाडू हातात धरून उभी राहिलीस.

"हे दोन खिळे काऊन जी?"

"एक घ्यायचा, एक द्यायचा."

"मानूस एकच हाये न?"

"माणूस एकच असला तरी सौदे वेगळे असतात. तुले नाही समजत."

"मले समजते," तू म्हणालीस आणि तुझ्या मायची गोष्ट सांगितलीस. लग्नाला तेहतीस वर्षं झाली होती आणि ती गोष्ट मी पहिल्यांदा ऐकली.

तुझ्या माहेरी बाया निंदायला एकमेकींच्या वावरात जायच्या. पैसा नाही, दिवसाला दिवस. तुझ्या मायने शेजारणीच्या वावरात सात दिवस भरले होते आणि शेजारणीने तुमच्या वावरात पाच. म्हणजे शेजारीण दोन दिवस देणं लागत होती. ती मधेच तापाने गेली. तर तिच्या सासरचे तुमच्या दारात आले आणि म्हणाले, आमच्या बाईने तुमच्याकडे पाच दिवस भरले, ते फेडा. तुझी माय म्हणाली, आणि माझे सात? ते म्हणाले, ते मेलीचं देणं, मेलीसंगं गेलं. तुझी माय गरीब गाय. पाच दिवस दुसऱ्याच्या वावरात वाकून आली आणि तुमच्या पऱ्हाटीत गवत कंबरेएवढं झालं. त्यानंतर तुमच्या आळीतल्या बायांनी ठरवून टाकलं की दिवस सुटे मोजायचेच नाहीत. सातातून पाच गेले, उरले दोन. जे काय आहे ते दोनच. बाकी कोणी तोंड उघडायचं नाही.

"तुमचा शेठ मेला तं?" तू मला विचारलंस.

"शेठ काऊन मरन वं? पहाडासारखा हाये."

"शेजारीणबी लय धडधाकट होती."

त्या दिवशी तू सांगितलंस आणि मी लिहिलं. शब्द तुझे, वाकडं अक्षर माझं. 'तुमच्या-आमच्यात झालेले आणि होणारे सगळे सौदे मिळून एकच सौदा. कोणी बुडाला, मेला, पळाला तर त्या दिवशीच्या बाजारभावाने सगळे एकदम मोडायचे आणि उरला फरक तेवढाच द्यायचा-घ्यायचा.' मी म्हटलं, 'होणारे' पुरे, 'झालेले' कशाला? तू म्हणालीस, श्रावणातली चिठ्ठी काय उडून गेली? लिहा.

लिहिलं. पण सही आणायची लाज वाटली. वीस वर्षांचा व्यवहार, माणूस गादीवर बसवून चहा पाजतो, आणि त्याला म्हणायचं की तुम्ही पळालात तर? आपल्याकडे जबानीवर लाखाचे सौदे होतात. जो कागद मागतो त्याच्याच नियतीत खोट, असं लोक समजतात. तीन आठवडे तो कागद बंडीच्या खिशात घामेजला. दर फेरीला तू विचारायचीस.

"झाली का सही?"

"शेठ जेवून राह्यले होते."

पुढच्या खेपेला, "शेठ पूजेत होते." त्याच्या पुढच्या खेपेला परत जेवण.

"जेवते किती जी तो?" तू म्हणालीस. "मी येऊ का संग? वाढतो त्याले आनखी."

तू खरंच आली असतीस म्हणून मी गेलो. शेठने कागद भर गादीवर मोठ्याने वाचला. "'कोनी बुडाला, मेला, पळाला'... आबे घानीवाले, मी काय मरून राह्यलो का पळून राह्यलो?" पाच-सहा व्यापारी बसले होते, सगळे हसले. शेठ म्हणाला, "बायकोनं लिवून देल्लं काय बे?"

आणि मी म्हणालो, "नाही शेठ. माह्यंच डोकं हाये."

लाजेपोटी म्हणालो. बायकोचं ऐकून आला असं चार माणसांत नको म्हणून. शेठने शिक्का मारला, सही केली, म्हणाला, "घे. तुले डोकं हाये याचा दाखला." परत सगळे हसले. घरी येऊन मी तुला फक्त सही दाखवली. बाकी काही सांगितलं नाही.

त्यावर मी एक गाढवपणाही केला. शेठ म्हणाला, एक सौदा जावयाच्या नावाने टाक, शुभ असतं. नव्या जावयाचं कौतुक, मी फुगलो. गंगीच्या नवऱ्याच्या नावाने चाळीस पोती अठराने घेऊन ठेवली. तुला कळलं तेव्हा तू कपाळाला हात लावलास. "तो कागद तुमच्या नावाचा. जावयाची चिठ्ठी त्यात कशी बसन?" मी म्हटलं, सगळं घरचंच तर आहे. तू म्हणालीस, घरचं तुमच्यासाठी. परक्यासाठी नाव वेगळं म्हणजे माणूस वेगळा.

दिवाळी गेली आणि आवई खोटी निघाली. सरकी चोवीसवर चढली. शेठने मात्र दुसऱ्या कोणाकोणाला स्वस्तात माल देऊ म्हणून कबूल केलं होतं, आता आणणार कुठून? मोताळ्याच्या बाजारात मला बातमी लागली. गादीला कुलूप, शेठचं दिवाळं. माझ्या हातातली सुतळीची गुंडी खाली पडली आणि लोकांच्या पायात गेली, ती मी उचलली पण नाही.

मग बुलढाण्याहून नोटीस आली. कोर्टाने शेठच्या मालमत्तेवर एक वकील नेमला होता, रिसीव्हर. त्याने लिहिलं होतं की तुम्ही शेठला एकशे ऐंशी पोती एकोणीस रुपयांनी देणं लागता, आजचा भाव चोवीस, पोत्यामागे पाच रुपये, एकूण नऊशे रुपये महिन्याच्या आत भरा. आणि शेठकडून तुमची जी दोनशे पोती येणं आहेत त्याचे बाराशे होतात, त्यासाठी बाकीच्यांबरोबर अर्ज करा. गोळा होईल त्यातून रुपयाला आणा-दोन आणे मिळतील तेव्हा मिळतील.

नऊशे रुपये! बैल, घाणी, दुकानाची खोली आणि तुझ्या हातातल्या पाटल्या धरून नऊशे होत होते. मी ओसरीवर बसलो आणि म्हटलं, संपलं. तू नोटीस दोनदा वाचून घेतलीस. मग कागद पदराला बांधलास आणि म्हणालीस, "उद्या पहिली मोटार कवा हाये?"

घाट चढताना मोटार गरम झाली, सगळे उतरून पाणी शोधायला लागले, तू मात्र जागची हलली नाहीस. पदराची गाठ मुठीत.

रिसीव्हर तरुण होता, चष्म्याचा, बोलायला गोड. त्याने कायदा सांगितला. चिठ्ठ्या दोन, तारखा दोन, मुदत अजून पुरी झालेली नव्हती, म्हणून दोन्ही वेगळ्या धराव्या लागतील. मी हात जोडून हो-हो करत होतो. तेवढ्यात मागून तू बोललीस.

"साहेब, एक इचारू का?"

"विचारा ना बाई."

"शेठचं आमाले देनं होतं ते मेलं म्हनता. मंग आमच्याकडून घेनं जितं कसं राह्यलं? बुडाला तं मानूस एकच न?"

साहेबाने लेखणी खाली ठेवली. तू पदर सोडून कागद पुढे केलास. त्याने तो एकदा वाचला, परत वाचला, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचला. "हा दोन चिठ्ठ्यांच्या मधल्या तारखेचा आहे," तो म्हणाला, "म्हणजे पहिली चिठ्ठी..." आणि बोट ठेवून थांबला. "झालेले आणि होणारे. अस्सं! दोन्ही आल्या." मग स्वतःशीच हिशेब केला. बाराशेतून नऊशे वजा. "तुम्ही देणं काही लागत नाही. उलट तुमचेच तीनशे येणं आहेत, तेवढ्यापुरते रांगेत उभे राहा."

मग त्याने मला विचारलं, "मसुदा फार पक्का आहे. कोणत्या वकिलाचा?"

तू माझ्या शेजारी उभी होतीस. हातभर अंतरावर. आणि मी म्हणालो, "माह्याच हाये साहेब."

शेठसमोर लाज होती, ते एक वेळ समजू. इथे कशाची लाज होती? इथे हाव होती. एका शिकल्या माणसाने पहिल्यांदा मला शाबासकी दिली आणि मी ती गिळली. साहेबाने तुझ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, "बरं" म्हणाला. तू डोक्यावरचा पदर नीट केलास, एवढंच.

आणि तरी बाहेर आल्यावर तू हसलीस! कचेरीच्या पायऱ्यांवर, येणाऱ्या-जाणाऱ्या लोकांत, पोटावर हात ठेवून हसलीस. "माह्या मायचे पाच दिवस फिटले," म्हणालीस. मोटारस्टँडवर आपण गरम भजी खाल्ली, तू दोन पुडे खाल्लेस. लग्नात तू कशी दिसत होतीस मला आठवत नाही, मान खाली होती तुझी. पण त्या दिवशी भज्याचा तेलकट कागद चुरगाळून फेकताना कशी दिसलीस ते मला मरेपर्यंत आठवेल. अख्ख्या बुलढाण्यात त्या दिवशी तुझ्याएवढा मोठा माणूस नव्हता. कलेक्टर धरून सांगतो.

तीनशेचे शेवटी रुपयाला दोन आण्याने साडेसदतीस आले. जावयाच्या चिठ्ठीचे दोनशे चाळीस येणं होते, तिथे तीसच. तू म्हणालीस, "गेले ते जावयाचे नाही, तुमच्या मिजाशीचे." खरं होतं.

आपलं एक भांडण मात्र राहून गेलं. शामरावचं. आपल्याच गावातला शामराव, तोही सरकीवाला, त्याच शेठशी त्याच्याही दोन्हीकडच्या चिठ्ठ्या. त्याच्याकडे कागद नव्हता. त्याने रिसीव्हरला रोख सहाशे भरले आणि येणं होतं त्याचे दोन-दोन आणे घेतले. गाडी आणि बैल विकले. मी तुला म्हणायचो, आपले नऊशे रिसीव्हरच्या गोळा पैशात पडले असते तर शामरावच्या वाट्याला जास्त आलं असतं. आपण वाचलो ते त्याच्या ताटातलं. तू भडकायचीस. "ताटात व्हतं काय? आन मी त्याच्या बायकोले सांगाले गेली नव्हती का? तो हसला." मी म्हणायचो, हसला म्हणून बुडायचं का? तू म्हणायचीस, मग आपण बुडायचं का, तो हसला म्हणून? आठ वर्षं हेच. कधी जेवताना, कधी बैलाला पाणी दाखवताना. आता मी एकटा दोन्ही बाजू भांडतो. आणि सांगून ठेवतो, तुझी बाजू मी काही सोपी करत नाही, तरी अजून निकाल लागलेला नाही.

पण तू नुसती भांडली नाहीस. त्यानंतर प्रत्येक आठवडी बाजाराला तू मोताळ्याला यायला लागलीस आणि सरकीवाल्यांच्या, ढेपवाल्यांच्या बायांना धरून बसायला लागलीस. सौदे सुटे ठेवू नका, एकात बांधा, आधी सही घ्या. त्या घरी जाऊन नवऱ्यांना सांगायच्या. नवरे माझ्याकडे यायचे, "घानीवाले अण्णा, तो कागद उतरून द्या." मी उतरवून द्यायचो. पन्नास दिले असतील. कागद गेले मलकापुरापर्यंत, आणि कागदाबरोबर नावही गेलं. तिकडच्या एका दलालाने तर मला शाल घातली. ती शाल पांघरून मी घरी आलो तेव्हा तू चुलीपाशी होतीस. मी म्हटलं, खरं तर ही तुझी. तू म्हणालीस, "मले काय करायची शाल? घानी आपल्याच दारात फिरून राह्यली न? बस." आणि भाकरी फिरवलीस. मी तेवढ्यावर सुटलो. तू सोडलंस म्हणून सुटलो. तेव्हाच उलट पावली परत जायला पाहिजे होतं, दलालाला सांगायला पाहिजे होतं. भूक लागली होती. जेवायला बसलो.

या माघात तुझा दम वाढला. शेवटच्या आठवड्यात तुला बोलणं जड जायचं, मी उशाशी बसून विचार करायचो, आज बोलतो, माफी मागतो. मग तू डोळ्यांनी विचारायचीस, बैलाला पेंड घातली का? मी घालायला उठायचो. राहिलं ते राहिलंच.

तेरवीला मात्र राहू दिलं नाही. वाटलं नव्हतं एवढी माणसं आली. मोताळ्याचे, मलकापूरचे व्यापारी, त्यांच्या बाया. बाया जास्त. पंगती उठल्या, पान-सुपारी फिरायला लागली आणि मलकापूरचा तो शालवाला दलाल चार शब्द बोलायला उभा राहिला. म्हणाला, घाणीवाल्या अण्णांच्या कागदाने किती घरं वाचली, आणि अशा माणसाला साथ देणारी माउली गेली.

साथ देणारी! माझ्या अंगाला आग लागली. मी उठलो. म्हटलं, "खाली बसा. कागद माह्या नाही. माह्यं फक्त अक्षर हाये, तेबी वाकडं. डोकं तिचं. शेठले मी खोटं सांगतलं, साहेबाले खोटं सांगतलं, तुमची शाल खोटी घेतली. आज संपलं."

गंगी रडायची थांबून माझ्याकडे पाहायला लागली. मग शामराव उठला. आता थकलाय तोही. म्हणाला, "म्हनजे तवा वयनी माह्या बायकोले सांगाले आली, ते तुमचं नाही, सोताचं सांगत होती?"

"हाव."

शामराव माझ्यासमोर येऊन उभा राहिला. मला वाटलं, आता आठ वर्षांचा हिशेब काढतो. त्याने खिशातून एक घडी काढली. दुसऱ्या दिवशीच्या सौद्याचा कागद होता, आपलाच मजकूर, वर मथळा 'घाणीवाल्याचा कागद'. लेखणी मागितली. मथळा खोडला. म्हणाला, "मी हसलो नसतो तं माह्ये बैल वाचले असते. आता नीट लिवतो. अण्णा, वयनीचं नाव काय?"

मी आजूबाजूला पाहिलं. एवढी माणसं जेवून उठली होती, एकालाही माहीत नव्हतं. तू सगळ्यांची गंगीची माय, नाहीतर घाणीवालीण. आणि मी? लग्नात बायांनी धरून ठेवलं होतं तेव्हा उखाण्यात एकदा पुटपुटलो होतो. आपल्याकडे पुरुष बायकोचं नाव घेत नाही. एक्केचाळीस वर्षं मी तुला 'ऐकतं का' म्हणून हाक मारली.

डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली आणि म्हटलं, "देवकाबाई."

मागून कोणीतरी बोललं, "ऐकू नाही आलं अण्णा, मोठ्यानं."

मग मोठ्याने सांगितलं. दुसऱ्यांदा आवाज फाटला, पण नाव पार शेवटच्या ओळीतल्या बायांपर्यंत गेलं.